राणी, हिरा आणि मल्टिमीटर

सेकंड इयरला असताना बाबा गेले. पंधरा दिवसांनी हॉस्टेलवर परत आलो तेव्हा रूममध्ये सगळे एकदम शहाण्यासारखे वागायला लागले होते. माझी जर्नल्स लिहून तयार, मेसचा डबा रूमवर आणलेला, आणि कोणी मोठ्याने हसत नाही! आमच्या रूमच्या इतिहासात असं कधी घडलं नव्हतं. तीन दिवसांनी मीच वैतागलो आणि अण्णाला म्हटलं, "अरे, काहीतरी लाव ना बाबा."

अण्णा म्हणजे माझा सोलापूरचा रूम पार्टनर. त्याच्याकडे एका सीनियरने मागे ठेवलेली हार्ड डिस्क होती. त्यात 'डॉक्टर हू' ही इंग्रजी मालिका होती. १९६३ साली बीबीसीवर सुरू झालेली, १९८९ ला बंद पडलेली आणि २००५ पासून नव्याने आलेली. निळ्या पोलीस-बॉक्सच्या आकाराच्या यंत्रातून काळाच्या मागेपुढे हिंडणारा एक परग्रहवासी डॉक्टर आणि त्याची सोबतीण, एवढंच कथासूत्र. अण्णाने डोळे मिटून एक फाईल उघडली. निघाला २००६ सालचा 'टूथ अँड क्लॉ' हा भाग. स्कॉटलंड, साल १८७९, आणि गोष्टीत चक्क व्हिक्टोरिया राणी!

माझ्या डोक्यातली व्हिक्टोरिया म्हणजे जुन्या नाण्यावरचा चेहरा. इथली राणी (पॉलिन कॉलिन्स या अभिनेत्रीने केलेली) बालमोरलला निघालेली एक ठेंगणी, करारी बाई आहे. रेल्वेमार्गावर झाड पडल्याने बग्गीतून प्रवास, रात्री टॉर्चवुड नावाच्या गढीत मुक्काम. तिथे काही कपटी साधूंनी एक लांडगा-माणूस आणून ठेवलेला. पौर्णिमेला त्याने राणीला चावायचं आणि तिच्या रूपाने साम्राज्यच गिळायचं, असा बेत.

पण मी अडकलो तो लांडग्यापाशी नाही. जेवणाच्या टेबलावर भुताच्या गोष्टी निघतात, तेव्हा राणी सांगते की अशा गोष्टी तिला आवडतात, कारण मेलेल्यांकडून काही निरोप येईल अशी आशा त्यात असते. पण निरोप येत नाही. गेलेले गप्पच राहतात. प्रिन्स अल्बर्ट १८६१ मध्ये गेला. गोष्टीतल्या १८७९ पर्यंत अठरा वर्षं झाली, आणि ही बाई अजून काळ्या कपड्यांत वाट बघते आहे.

मी उठून गॅलरीत गेलो. कारण तेरा दिवस आमच्या घरात मी तेच करत होतो. बाबांच्या मोबाईलची रिंग वाजली की दचकत होतो.

परत येऊन बसलो. पुढे कळतं की अल्बर्टने मित्राबरोबर त्या गढीत एक दुर्बीण बांधून ठेवलेली असते. डॉक्टर तिला नावं ठेवतो, कारण आत प्रिझम फार झालेत! शेवटी उलगडा होतो की ती दुर्बीण नाहीच, तो सापळा आहे. राणीजवळच्या कोहिनूरमधून चंद्रप्रकाश सोडायचा, आणि लांडगा संपतो. अल्बर्ट तो हिरा पुन्हा पुन्हा का घासून घेत होता, याचं उत्तर राणीला तेव्हा मिळतं. गेलेला माणूस बोलत नाही, पण त्याने बनवलेलं यंत्र बोलतं.

इथे आपल्या ब्रँचचे लोक हरकत घेणार, ते मला माहीत आहे. पौर्णिमेचा चंद्रप्रकाश सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांश. भिंगांनी तो एका जागी गोळा करता येतो, 'वाढवता' येत नाही. हिऱ्याचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स २.४२ असला म्हणून काही फुकट ऊर्जा मिळत नाही. अण्णाने हे सगळं त्याच रात्री सांगितलं. मी म्हटलं, "गप बस." कारण त्या वेळी माझ्या ट्रंकेत बाबांचा काट्याचा मल्टिमीटर होता.

बाबांचं रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान. गाळा भाड्याचा होता, तो लगेच रिकामा करावा लागला. जुने सेट, स्पीकर, वायरींची भेंडोळी, सगळं किलोवर गेलं. भंगारवाल्याच्या काट्यावरून मी फक्त मीटर उचलून घेतला. त्याच्या लाल प्रोबला बाबांनी स्वतः गुंडाळलेली चिकटपट्टी आहे. त्या रात्री मीटर काढला आणि टेबललॅम्पची वायर तपासली. काटा हलला. बस, एवढंच. पण बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

तेव्हापासून व्हिक्टोरिया राणी माझी लाडकी! भागाच्या शेवटी ती डॉक्टर आणि रोझ यांना आधी सरदारकी देते आणि लगेच देशातून हाकलून देते. माणसं मरत असताना हे दोघं राणीच्या तोंडून ते प्रसिद्ध 'आम्हाला गंमत वाटली नाही' कसं वदवायचं, यावर पैज लावत होते. मरणाची थट्टा न करणारी तिथे ती एकटीच. मला ते फार पटलं. मी तो भाग नंतर पाच-सहा वेळा तरी पाहिला असेल.

सहाव्या वेळी अण्णा सहज म्हणाला, "१८७९ म्हणजे वासुदेव बळवंत फडक्यांना पकडलं ते साल ना रे? आणि त्याच्या आधीचा तो दुष्काळ?"

बरोबर होतं. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने सोलापूर, नगर, पुणे भाग होरपळला. त्यातच १८७७ च्या १ जानेवारीला दिल्ली दरबारात 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' हा किताब जाहीर झाला. मालिकेत तो किताब ओळख करून देताना एकदा उच्चारला जातो आणि गोष्ट पुढे जाते. मी जरा चिडूनच म्हटलं, "पंचेचाळीस मिनिटांत काय काय दाखवणार?" अण्णा म्हणाला, "ते जाऊ दे. हिरा कुणाचा, एवढं तरी बघ."

मग लायब्ररीत बसून वाचलं. १८४९ च्या लाहोरच्या तहात हिऱ्यासाठी वेगळं कलम आहे. कोहिनूर महाराजांनी इंग्लंडच्या राणीला द्यावा. हे महाराज म्हणजे दुलीपसिंह, वय वर्षं दहा. वडील रणजितसिंह १८३९ मध्ये वारले तेव्हा ते वर्षाचेही नव्हते. आईलाही इंग्रजांनी दूर केलेलं. लॉर्ड डलहौसीने हिरा स्वतः लाहोरहून मुंबईला आणला, आणि ६ एप्रिल १८५० रोजी 'मेडिया' जहाजातून तो आपल्या मुंबई बंदरातून गेला. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोकांना तो निस्तेज वाटला. म्हणून १८५२ मध्ये अल्बर्टच्या देखरेखीखाली ॲमस्टरडॅमच्या कारागिरांकडून त्याला पैलू पाडून घेतले. त्यात वजन चाळीस टक्क्यांहून जास्त घटलं, उरला १०५.६ कॅरेट. मालिकेच्या लेखकाने, रसेल टी. डेव्हिस यांनी, या खऱ्या घटनेवर आपला सापळा रचला आहे. मानलं त्यांना!

रणजितसिंहांनी तरी तो १८१३ मध्ये शाह शुजाकडून घेतला, तोही काही राजीखुशीने दिलेला नव्हता. हे सगळं खरं. पण मी थांबलो पुढच्या प्रसंगावर. १८५४ मध्ये दुलीपसिंह लंडनला होते, राजवाड्यात त्यांचं चित्र काढलं जात होतं. राणीने हिरा आणवून त्यांच्या हातात ठेवला. लेडी लॉगिन यांनी लिहिलंय की ते खिडकीपाशी गेले, आणि पाव तास उजेडात तो हिरा फिरवून फिरवून बघत राहिले. पोराच्या वडिलांची वस्तू, आता लहान झालेली, वेगळ्याच आकाराची. मग त्यांनी वळून ती राणीला परत दिली. दुसरं काय करणार होते?

मी रूमवर आलो. अण्णाने काहीच विचारलं नाही. मी ट्रंक उघडली, मीटर हातात घेतला आणि प्रोबवरची चिकटपट्टी चाचपली. कोणी मला हा मीटर पाव तास बघायला दिला असता आणि मग हसून हात पुढे केला असता, तर?

त्या भागात राणीला नवऱ्याचा निरोप मिळतो. तो मिळतो एका पोरक्या मुलाच्या बापाच्या वस्तूतून, आणि त्या मुलाचं नावही पडद्यावर येत नाही. म्हणून भाग खोटा ठरत नाही. तिचं दुःख खरं आहे, मला त्याने त्या रात्री सावरलं, ते मी नाकारणार नाही. तिला खलनायिका केली असती तर अण्णा कदाचित खूश झाला असता, पण मला काहीच कळलं नसतं. तिचं दुःख कळलं, म्हणूनच त्या मुलाचं कळलं. फक्त ते मला पडद्याबाहेर शोधावं लागलं.

२०२३ च्या राज्याभिषेकात कोहिनूर वापरला नाही. तो टॉवर ऑफ लंडनमध्ये काचेआड आहे. आमचा मीटर मात्र रोज वापरात आहे. गेल्या आठवड्यात मेसचा मिक्सर त्याच्यावरच दुरुस्त केला. अण्णा अधूनमधून मागतो. मी देतो, पण शेजारी उभा राहतो.