रिकाम्या कपाचं वजन

सांगलीत आमच्या घरापासून भावे नाट्यमंदिर चालत दहा मिनिटांवर. दरवर्षी 5 नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, विष्णुदास भावे यांच्या नावाचं पदक घ्यायला मोठमोठे नट आमच्या गावात यायचे. फाटकाशी उभं राहून त्यांना गाडीतून उतरताना बघायचं, हा माझा लहानपणचा सण. म्हणून मी नाटक करायला पुण्याला जातो म्हणालो तेव्हा बाबांना कळेचना. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. "पंढरपूरचा माणूस दर्शनाला दुसऱ्या गावी जातो का रे?" एवढंच त्यांनी विचारलं. रागावले असते तर सोपं झालं असतं.

तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज मी विष्णुदासांचाच दाखला देईन. 1843 मध्ये त्यांनी सांगलीत 'सीतास्वयंवर' नाटक केलं ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. 1851 मध्ये चिंतामणराव गेले, दरबारचा आधार सुटला आणि विष्णुदास मंडळी घेऊन बाहेर पडले. 1853 मध्ये ते मुंबईत खेळ करत होते, तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे. पोटासाठी निघाले, हे खरंच आहे. पण मला राहून राहून त्या पहिल्या रात्रीचा विचार येतो. कालपर्यंत समोर ओळखीचे चेहरे होते, आणि आता अंधारात बसलेत ते सगळे परके. यातल्या एकालाही तुम्ही कुणाचे कोण हे ठाऊक नाही. पुढे कोल्हापुरात 1929 मध्ये सुरू झालेली 'प्रभात' फिल्म कंपनीसुद्धा 1933 मध्ये पुण्याला आलीच.

आमच्या गल्लीतल्या गणपतीपुढे मी आठ वर्षं नाटकं केली. पडदा पडला की काकू, मामा, शाळेतले सर, सगळे पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "झकास!" त्या हातांनीच मला उभं केलं, हे मी कधी विसरणार नाही. पण वाक्य विसरलो त्या वर्षीही ते "झकास"च म्हणाले. मी तसाच घरी आलो आणि रात्रभर जागा राहिलो. मी कसं केलं हे मला सांगणारं त्या गावात कुणी नव्हतं. सगळ्यांचा माझ्यावर फार जीव होता.

पहाटे स्वारगेटला उतरलो तेव्हा हातात पत्र्याची ट्रंक, खांद्यावर वळकटी आणि आईने दिलेली बेदाण्यांची पिशवी. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळाली. एका खोलीत चार कॉट, भिंतीत एक खुंटी आपली, दार साडेदहाला बंद. तालमी अकरापर्यंत चालायच्या, त्यामुळे कितीतरी रात्री कुणाच्या तरी ओट्यावर गेल्या. दिवसा एका दुकानात हिशेब लिहायचो, संध्याकाळी तालमीला जायचो. पहिले चार महिने मी तिथे सतरंज्या झटकल्या, प्रॉम्प्टिंग केलं आणि भरत नाट्य मंदिरात विंगेत उभा राहून दुसऱ्यांच्या एंट्र्या पाठ केल्या. गावात मला घराण्यासकट ओळखायचे. इथे माझं नावच 'सांगली' पडलं. "ए सांगली, ती खुर्ची सरकव." मला वाईट वाटायचं नाही. हलकं वाटायचं, नव्या वहीचं पहिलं पान उघडल्यासारखं.

मग एक छोटं काम मिळालं. बायकोशी भांडण झालेला एक कारकून चहा पितो, अर्धा ठेवतो, छत्री उचलून निघून जातो. वाक्य एकही नाही. मी केलं. आमच्या दिग्दर्शिका ताई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "कप रिकामा आहे, हे मला इथून दिसतंय."

रागाचा लवलेश नव्हता त्यात. आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण इतकं खरं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या बाकावरून मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून मी कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये बसून माणसांचे हात बघू लागलो. भरलेला कप उचलताना मनगट आधी जरा खाली दबतं, मग वर येतं. पहिल्या घोटाला कप ओठांकडे येत नाही, ओठच कपाकडे जातात. वरचा ओठ चहाला टेकतो आणि किंचित मागे सरतो, डोळे अर्धवट मिटतात. अर्ध्यावर आलं की हात निर्धास्त होतो, बोटांची पकड सैल पडते. अर्धा कप खाली ठेवताना मात्र माणूस पुन्हा सावध होतो, चहा हिंदकळू नये म्हणून. रात्री कॉटवर बसून मी स्टीलचा पेला पाण्याने भरून उचलायचो, मग ओतून उचलायचो, मग पुन्हा भरून. शेजारच्या कॉटवरचा मुलगा सीएची तयारी करत असायचा; एका रात्री त्याने पुस्तक मिटलं, उठला आणि न विचारता माझा पेला भरून आणला.

तीन आठवड्यांनी तालमीत ताई काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या प्रवेशाला हाक मारली, एवढंच.

प्रयोगाला आई एकटी आली, दिवसभर एसटीत बसून. बाबा आले नाहीत. नाटक संपल्यावर तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, पण झकास वगैरे काही म्हणाली नाही. सकाळी स्वारगेटला तिला गाडीत बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. गाडी सुटायला आली तसं तिने माझं मनगट धरलं.

"अर्धा चहा तसाच ठेवलास की रे," ती म्हणाली. "गार झाला होता का?"