जमेची बाजू, नावेची बाजू

कऱ्हाड,
कोजागिरीनंतरचा सोमवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या स्क्रॅपबुकच्या पानांचे फोटो मी मोठे करून पाहिले. कागद चांगला आहे, कापणी सरळ आहे, रंग एकमेकांना धरून आहेत. तरी खाली तूच लिहिलं आहेस की ही पानं कुणाचीही असू शकतील, आणि ते खरं आहे. दुकानातल्या संचातली फुलं, त्याच संचातली फीत, वर ‘ॲडव्हेंचर’ असा तयार शिक्का. ब्रायटनची सहल पानावर आली, तू काही त्यात सापडली नाहीस. संचांना मी नावं ठेवत नाही. मार्क ट्वेननं 1873 साली पानांना आधीच डिंक लावलेल्या स्क्रॅपबुकचं पेटंट घेतलं होतं आणि ते चांगलं खपलंही, तेव्हा तयार मालाची हौस आजची नाही. पण तू विचारलंस की आजीची लाल वही कुठूनही उघडली तरी ती आजीचीच आहे हे कसं कळतं, तिला ही पद्धत सुचली कुठून. फोनवर हे अर्धवट राहील, म्हणून लिहायला बसले.

वही आजीनं विकत घेतलेली नव्हती. आजोबा कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते हे तुला ठाऊक आहे. दिवाळीच्या पाडव्याला पेढीचं नवं साल सुरू होई आणि त्याआधी शेटजी सालभराच्या वह्या शिवून घेत. लांबट, लाल कापडाच्या बांधणीच्या, दोरी गुंडाळून मिटायच्या. आत छापील रेघ एकही नाही. कागदाला उभ्या घड्या घालायच्या आणि त्या घड्यांनीच रकाने पाडायचे. एखादी वही कोरी उरली तर ती पुढच्या सालाला चालत नसे, नव्या सालाला वही नवीच लागे. अशी उरलेली वही आजोबांच्या पिशवीतून घरी येई. सोबत कधी कापडाच्या ताग्यांवरची रंगीत लेबलं असत: वाघ, जहाज, देवी, घोडेस्वार. गिऱ्हाईक कापड नेई, लेबल आजीच्या डब्यात पडे.

तिची सगळ्यात पहिली वही तू पाहिलेली नाहीस. ती चारचौघींसारखीच आहे. ‘स्त्री’ मासिकातले विणकामाचे नमुने, रांगोळ्या, लोणच्यांच्या कृती, कॅलेंडरांवरचे देव. त्या काळी ओळखीच्या निम्म्या घरांत अशी वही असे आणि सगळ्यांत तेच असे, कारण सगळ्या जणी तीच मासिकं वाचत. चित्रकार मुळगावकरांची एखादी लक्ष्मी हाती लागली की ती कापून घेण्याची चढाओढ असे. दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’ची मुखपृष्ठं मात्र आजीनं कधी कापली नाहीत. दिवाळी अंक वाचनालयाचा असे आणि तो परत करायचा असे, एवढंच त्याचं कारण.

फरक पडला तो त्या घड्यांमुळे. आडवं चित्र दोन-तीन रकान्यांवरून चिकटवलं की घडीवर सुरकुती पडे आणि वही मिटून उघडून तिथंच फाटे. वैतागून आजी कात्रणं रकान्याच्या मापाची कापू लागली, उभी आणि अरुंद. मग अख्ख्या फोटोतलं काय ठेवायचं हे ठरवणं आलं. मामांच्या लग्नाच्या फोटोतून तिनं अक्षता टाकणारे हात ठेवले आणि माणसं काढून टाकली. मामी कितीतरी वर्षं हे विसरल्या नाहीत. ‘आजी इतकं जवळून का बघते?’ असं तू लहानपणी विचारायचीस ना, तर ते घड्यांमुळे. पुढे साध्या कागदाची वही हाती आली तरी ती तशीच उभी, चिंचोळी कापत राहिली. हाताला वळण लागलं होतं.

दुसरी गोष्ट आजोबांच्या थट्टेतून आली. एका संध्याकाळी ते तिची वही चाळत होते. तिनं डॉक्टरांच्या औषधाची चिठ्ठी डावीकडे चिकटवली होती. ते म्हणाले, ‘अहो, जमेच्या बाजूला खर्च टाकलात.’ आजीला हिशेबाचं काही कळत नव्हतं. तिनं विचारलं आणि त्यांनी समजावून सांगितलं: डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आलं ते डावीकडे, गेलं ते उजवीकडे. त्यांच्यासाठी विनोद तिथं संपला. आजीनं तो नियम म्हणून घेतला आणि शेवटच्या पानापर्यंत मोडला नाही.

आता वही हातात येईल तेव्हा हे लक्षात ठेवून बघ. 11 डिसेंबर 1967 ची पहाट. कोयनेच्या भूकंपानं आपलं घर हललं होतं. कोयनानगरच्या पडझडीचे फोटो सगळ्या वर्तमानपत्रांत होते आणि ते सगळ्यांनी कापून ठेवले. आजीच्या पानावर त्यातलं एक नाही. नावेच्या बाजूला तिच्या अक्षरात यादी आहे: लोणच्याची बरणी, कपबश्या, फडताळाची काच. जमेच्या बाजूला माहेरहून आलेलं, खुशाली विचारणारं पोस्टकार्ड. वर ‘श्री’ आणि मार्गशीर्षातली तिथी. इंग्रजी तारीख ती कधी घालत नसे, पेढीच्या वहीत नसते म्हणून.

बहात्तरच्या दुष्काळाचं पान थोडं मागे-पुढे आहे. रेशनवर मिलो मिळायचा, तांबडी परदेशी ज्वारी. तिनं चार दाणे कागदाच्या पुडीत घालून जमेला चिकटवले. पुडी आता रिकामी आहे, दाणे किड्यांनी खाल्ले. आम्ही पोरांनी तो मिलो इतक्या आवडीनं कधी खाल्ला नव्हता.

तुझ्या बाबाचं पान मला सगळ्यात आवडतं. 1971 साली गावसकरनं वेस्ट इंडीजमध्ये पहिल्याच मालिकेत चार कसोटींत 774 धावा केल्या आणि आपल्या गल्लीतल्या प्रत्येक मुलानं गावसकरची वही केली. तुझ्या बाबानंही केली. सगळ्यांच्या वह्यांत तेच फोटो, त्याच क्रमानं. आजीनं त्यातलं फक्त आकड्यांचं चिंचोळं कात्रण घेतलं आणि जमेला लावलं. समोर, नावेला, त्या वर्षीचा तुझ्या बाबाचा गणिताचा पेपर आहे, गुणांसकट. तिला त्यावर काही लिहावंसं वाटलं नाही.

माझी लग्नपत्रिका नावेच्या बाजूला आहे. मी पुष्कळ दिवस तिच्याशी त्यावरून भांडले. तुझ्या आईची जमेला आहे, म्हणून तुझी आई माझ्या बाजूनं कधी बोलली नाही. आणि तू लंडनला निघालीस त्या दिवशीची नोंद शोधशील तर नावेच्या बाजूला एवढंच सापडेल: स्टीलचा डबा, झाकणासह. मेतकुटाचा. त्या पानाची जमेची बाजू तू पाठवलेल्या पहिल्या पोस्टकार्डासाठी तिनं कोरी ठेवली होती आणि ते आल्यावरच भरली.

पानांवर मधूनच जरीचे तुकडे आणि टिकल्या दिसतात, त्या तिच्या माहेरच्या. रविवर्म्याचा छापखाना 1894 साली मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला, आणि त्याच्या चित्रांनी घरोघरच्या भिंती भरल्या. बायका त्या छापील लक्ष्मीला खरं कापड, जर, मणी लावून नेसवत, नटवत. आजीच्या आईनं अशी एक लक्ष्मी सजवली होती आणि आजी लहानपणी तिच्या हाताखाली टिकल्या मोजून देत असे. तेव्हा छापील चित्रावर आपल्या हातचं काही चढवायचं ही सवय तिला वहीच्या आधीपासून होती. पण हिशेबाच्या वहीत ती आली तेव्हा बरीच आवरली. एका पानाला एकच टिकली, तीही जमेला. आठ टिकल्यांचं एक पान आहे, ते तुझ्या जन्माचं.

तू लंडनमध्ये आहेस तर एक काम कर. ब्रिटिश म्युझियममध्ये मेरी डेलनी नावाच्या बाईची कागदी फुलं आहेत, 985. आधी वेळ घेतली की चित्रांच्या अभ्यासिकेत ती काढून दाखवतात, बघून ये. मी शाळेत चित्रकला शिकवताना मुलांना तिची गोष्ट सांगत असे. ही बाई 1700 साली जन्मली आणि फुलं कापायला लागली तेव्हा तिची सत्तरी उलटून गेली होती. रंगीत कागदाचे अगदी बारीक तुकडे एकावर एक लावून एकेक पाकळी, देठ, पुंकेसर करायचा, आणि मागे ठार काळा कागद. ही नवी तऱ्हा सापडल्याचं तिनं 1772 साली आपल्या भाचीला पत्रातून कळवलं. दृष्टी गेली तेव्हा थांबली.

गोष्ट सांगणारे सांगतात ते असं की, लाल कागदाच्या कपट्याशेजारी जिरेनियमची पाकळी पाहून तिला हे सुचलं. असेलही. मला त्या क्षणाचं फार कौतुक नाही. ही बाई त्याआधी अनेक वर्षं भरतकाम करत होती, तिच्या दरबारी पोशाखाच्या काळ्या सॅटिनवर तिनं आखलेली फुलं भरलेली होती. कागदाच्या सावल्याही ती कापत असे. वनस्पतींच्या वेडानं झपाटलेली एक श्रीमंत मैत्रीण होती, तिच्या बागेतून ताजी फुलं मिळत. काळी पार्श्वभूमी, कात्री, फुलाची शास्त्रीय ओळख, सगळं हाताशी होतंच. पाकळीचं निमित्त झालं. आजीचंही तसंच. तिच्या वहीत तिनं शोधून आणलेलं काहीच नाही: नवऱ्याच्या धंद्यातली वही, त्या वहीच्या घड्या, आईच्या टिकल्या, घरात आलेले कागद. एक नियम तेवढा हट्टानं पाळला.

म्हणून तुला सांगते, जमा-नावे उचलू नकोस. तुझ्या पानावर ते नाटकी दिसेल. तू दिवसभर इमारतींची ड्रॉइंग करतेस. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात तो चौकटींचा तक्ता असतो, कोणता बदल केला, कधी, कुणाच्या सांगण्यावरून. तुझ्या बाबानं मला एकदा दाखवला होता आणि तुम्ही पुसलेलंही लिहून ठेवता याची मला गंमत वाटली होती. ब्रायटनला पावसानं बेत तीनदा बदलला, शेवटी तुम्ही स्टेशनातच चिप्स खाल्ल्या, असं तू मला सांगितलंस. त्या फोटोत निळं आकाश आणि ‘ॲडव्हेंचर’ आहे. पाऊस कुठाय? बदललेलं तिकीट कुठाय? तो तक्ता पानाच्या कोपऱ्यात घालून बघ. नाही जमला तर सोडून दे, पण निदान महिनाभर दुकानात जाऊ नकोस आणि इतरांची पानं बघू नकोस. बॅगेच्या तळाशी जे कागद सापडतील तेवढ्यावर भागव. बारा इंची चौरस कागदाचाही आग्रह नको. तुमच्या ऑफिसात ड्रॉइंगचे रद्द झालेले कागद असतील, त्यांची मागची बाजू कोरीच असते. फक्त विचारून घे.

आता वहीविषयी थोडं. ती मी डिसेंबरात तुझ्या आईबरोबर पाठवते आहे, हातातल्या पिशवीत. कुरिअरचं नाव काढू नकोस. आजी मैद्याची खळ करत असे, मंद आचेवर, गुठळी होऊ न देता, आणि बुकबाइंडर घालतात तसा त्यात चिमूटभर मोरचूद घाले. म्हणून खळीच्या पानांना कसर लागलेली नाही. पण मोरचूद विषारी असतो, पानं हाताळून झाली की हात धू आणि तू स्वतः तो वापरू नकोस. तिकडे कागद दुरुस्त करणारे गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात, ती घे. शेवटी शेवटी कुणा पाहुण्यानं तिला सेलोटेप आणून दिली. त्या पानांवर टेपेचा तपकिरी डाग पडून कात्रणं सुटली आहेत. ती ओढून काढू नकोस, आहेत तशी राहू देत. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातलं लिग्निन राहून गेलेलं असतं, उजेड लागला की तो पिवळा पडून ठिसूळ होतो. त्यामुळे वही खिडकीपाशी ठेवू नकोस, फोटो काढशील ते फ्लॅश न वापरता काढ, आणि वही सपाट उघडायला जाऊ नकोस, शिवण जुनी आहे.

आणि एक. तुझा बाबा गणिताचा पेपर मागेल. मला त्यानं दोनदा मागितला आहे. देऊ नकोस.

मेतकूटही आईबरोबर पाठवते आहे. डबा परत पाठव, आजीच्या हिशेबात तो अजून येणे आहे. थंडी सुरू झाली असेल, कान झाकून जात जा. पानं केलीस की फोटो पाठव.

तुझी,
आत्या