टाचेखालची फळी

कोल्हापुरातील आमच्या जुन्या तालमीचा हौदा बुजवून तेथे रबराच्या चटया अंथरल्याचे कानी आले होतेच. परंतु परवा आत पाऊल टाकताच तेल, ताक आणि हळद मुरलेल्या तांबड्या मातीच्या वासाऐवजी कोऱ्या रबराचा उग्र दर्प आला आणि भिंतीशी टेकवलेली वस्तादांची फळी मी नकळत शोधू लागलो.

मातीतली बैठक चवड्यांवर चाले, टाच उचलली जाई. खांद्यावर वजनाचा बार आला की मात्र वस्तादांचा हुकूम पालटे: टाच तसूभरही सुटता कामा नये. माझे घोटे ताठर; खाली जाताना छाती पुढे कलंडे आणि सारा बोजा कंबरेवर येई. तेव्हा वस्तादांनी काही न बोलता ती फळी पायानेच सरकवून माझ्या टाचांखाली दिली. नडगीला पुढे झुकण्याची मुभा मिळाली, धड सरळ राहिले, गुडघे पावलांच्या रोखाने उघडले. भारोत्तोलनाच्या बुटांची सुमारे दोन सेंटिमीटर उंच, न दबणारी टाच हेच कार्य करते; पूर्वी ती लाकडाचीच असे. म्हणून धावण्याचे मऊ बूट या कामासाठी पोरांच्या गळ्यात मारणाऱ्या दुकानदारांवर माझा कायमचा रोष आहे. धक्का शोषण्यासाठी घडवलेला तो तळ भाराखाली असमान दबतो, पाऊल आत कलते आणि त्यापाठोपाठ गुडघाही.

मातीतून मॅटवर जाण्याची वाट तशी जुनीच. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले ते मातीतले मल्ल म्हणून. मॅट नवखी, तरी सहावे आले, आणि १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. पुरुषांना खुले असलेले ऑलिंपिकचे हे दार महिलांच्या भारोत्तोलनाला उघडायला मात्र २००० साल उजाडावे लागले. त्याच वर्षी सिडनीत करणम मल्लेश्वरीने एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवले.

त्या दाराचा विचार आला की मला ताई आठवते. दुधाचा तांब्या घेऊन ती तालमीच्या उंबऱ्यापर्यंत येई. आत येण्याची तिला परवानगी नव्हती. घरी चुलीपुढे मात्र टाचा भुईला सपाट टेकवून ती तासन्‌तास बसे, भाकऱ्या थापी, आणि हातांचा आधार न घेता सहज उठे. तिच्या घोट्यांना ना फळी लागली, ना बूट. वस्तादांनी तिला एकदा तशी बसलेली पाहिले असते, तर ती फळी बाजूला ठेवून त्यांनी तिलाच आम्हां पोरांसमोर बसवले असते आणि ‘असे बसा रे’ म्हटले असते, असे मला मनापासून वाटते.