अशुद्ध शब्दांची तालिका

आमच्या शाळेच्या ग्रंथालयाच्या तालिकेत सध्या ‘सुर्य’, ‘किटक’, ‘विज’ आणि ‘पुर’ हे शब्द आहेत, आणि ते मी स्वतःच्या हातानं, पूर्ण शुद्धीत असताना घातले आहेत. मुलांचं सोडा, मुख्याध्यापकांच्या सूचनापत्रातले ऱ्हस्वदीर्घसुद्धा पेन्सिलीनं खुणावून परत पाठवणारी अशी माझी ख्याती. दर्शनी फलकावरचा सुविचार माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय लागत नसे. अशा बाईवर ही वेळ कशी आली, हे सांगायचं तर थोडं मागं जायला हवं.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. नदीकाठच्या आमच्या गावात शाळेचा तळमजला बुडाला. ग्रंथालय तळमजल्यावर. पुस्तकं गेली, ते दुःख चारचौघांत सांगण्यासारखं होतं. लोकांनी ऐकून घेतलं, आणि पुढं लांबलांबून खोकी भरभरून पुस्तकंही आली. पण तालिकेची कार्डं गेली, त्याचं दुःख मी कुणाजवळ बोलले नाही, कारण त्यातलं निम्मं दुःख माझ्या अक्षराचं होतं. वर्गांक वर डावीकडं, लेखकाचं आडनाव आधी, शिरोरेषा एका ओळीत. पाहुण्यांना खण ओढून बघावंसं वाटलं तर हाताला नीट लागावीत म्हणून काही देखणी कार्डं मी पुढच्या बाजूला ठेवत असे. पक्ष्यांची, 598 या वर्गांकाची कार्डं त्यातलीच. त्यांच्यावर मी वेळ घालवला होता, आणि तेवढा वेळ त्या पुस्तकांना खरं तर लागत नव्हता.

पुन्हा कार्डं लिहायला बसले तर हात साथ देईना. वयानुसार थोडा थरथरतो. सही जमते, तालिका जमत नाही. तेवढ्यात मार्च 2020 उजाडला, शाळा बंद झाली आणि सगळ्यांना एकदम ‘लिंका’ हव्या झाल्या.

इथं थोडं आमच्या धंद्यातल्या स्पर्धकांविषयी बोलते. त्या काळात शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘पाचशे उपयुक्त शैक्षणिक लिंक’ अशा याद्या फिरू लागल्या. आजही फिरतात. त्या करणाऱ्यांचा उत्साह खरा असतो, पण ती नुसती रद्दीची मोजदाद असते. निम्मे पत्ते मेलेले, उरलेल्यातले काही एकाच ठिकाणी जाणारे. अमुक गोष्ट कोणत्या इयत्तेला, कोणत्या प्रश्नाला, याचा पत्ता नाही. त्यानंतर पेन ड्राइव्हमध्ये ‘संपूर्ण डिजिटल ग्रंथालय’ विकणारे आले. एकानं माझ्यासमोर फोल्डर उघडून हजारो पुस्तकं दाखवली. मी म्हटलं, यातलं आठवीच्या मुलाला उद्या लागणारं एक काढून दाखवा. तो हसला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीकडं गेला. असल्या लोकांशी माझं पटत नाही, आणि पटत नाही याचा मला थोडा आनंदही होतो, हेही लिहून ठेवते.

मराठीत साधनं नाहीत ही तक्रार मला मान्य नाही. बालभारतीची पाठ्यपुस्तकं घरबसल्या उतरवून घेता येतात. 1971 पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक बघायला मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर 2015 पासून चार वाचनपातळ्यांच्या गोष्टी आहेत; खुल्या परवान्यामुळं त्या छापून वर्गात वाटल्या तरी कुणी विचारत नाही. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंची खेळणी आहेत आणि मराठी पुस्तकंही आहेत. साठ्ये बाईंच्या काळातला, म्हणजे माझ्या आधीच्या ग्रंथपालबाईंच्या काळातला, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आमच्याकडं दोन खंड कमी असलेला होता. तो आता शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर सलग चाळता येतो. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरला की ‘दीक्षा’ उघडतं. आणि वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली उभा राहिलेला मराठी विश्वकोश, ज्याचा पहिला खंड 1976 चा, तो तर अख्खाच्या अख्खा फुकट वाचायला आहे. कपाटात जे कधी मावलं नसतं ते खिशात आलं आहे. पण मूल त्या वस्तूपर्यंत पोचत नाही, आणि गेली काही वर्षं माझं डोकं या एकाच गोष्टीनं खाल्लं आहे.

नववीतली एक मुलगी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “बाई, विश्वकोशात अतिनील किरण घावंना की.” तिच्या पुस्तकात शब्द आहे ‘अतिनील’. विश्वकोशातली नोंद आहे ‘जंबुपार प्रारण’ या नावाची. दोन्ही शब्द विद्वानांनीच केलेले, दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मधल्यामध्ये पोरगी उपाशी. कॉलऱ्याचं तेच. तिनं ‘कॉलरा’ लिहायचं आणि नोंद असायची ‘पटकी’ या नावानं. छापील तालिकेच्या जमान्यात याला उपाय होता आणि तो आम्हा ग्रंथपालांना पाठ होता: ‘अतिनील किरण, पाहा: जंबुपार प्रारण’. एवढंच एक कार्ड. ‘पाहा’चं कार्ड कुणी कौतुकानं बघत नाही, त्यावर पुस्तक नसतं, लेखक नसतो, पण तालिका चालते ती त्याच्यावर. रंगनाथनांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं वाचकाचा वेळ वाचवायला सांगतं. ते सूत्र प्रत्यक्षात पाळतं ‘पाहा’चं कार्ड, असं माझं मत आहे आणि ते बदलण्याची शक्यता नाही.

म्हणून गूगल शीटवर नवी तालिका मांडताना मी साधनांच्या पत्त्याआधी ‘पाहा’चा स्तंभ आखला. मुलांनी फोनवर शीट उघडायची, शोधखिडकीत शब्द घालायचा, ओळ सापडली की पत्त्यावर बोट ठेवायचं. वाटलं, झालं.

कुठलं व्हायला! यंत्राला शब्द कळत नाही, अक्षरांचा क्रम कळतो. मुलीनं ‘ॲसिड’ टाइप केलं, तर माझ्या शीटमधलं ‘अॅसिड’ तिला दिसेना. दोन्ही शब्द डोळ्यांना जुळे. पण एकात ॲ हे एकसंध अक्षर आहे, जे युनिकोडमध्ये 2008 साली आलं. दुसऱ्यात अ वेगळा आणि डोक्यावरचा चंद्र वेगळा. माझ्या संगणकाचा कळफलक एक देतो, तिच्या फोनचा दुसरा. मी चष्मा पुसला, मोठं करून बघितलं, पुन्हा बघितलं. अक्षरात वाकबगार समजल्या जाणाऱ्या बाईला डोळ्यांनी सापडू नये असा फरक! ‘दुसऱ्या’तल्या अर्ध्या ‘र’चीही तीच गत. कुणी ऱ हे अक्षर घेऊन पाय मोडतं, कुणी साधा र घेऊन त्याचा पाय मोडतं आणि पुढं न दिसणारा जोडक घालतं. कागदावर एक, पोटात दोन.

मग जुन्या फाँटांची कथा. कित्येक चांगल्या पुस्तिका कृतिदेवसारख्या फाँटमध्ये जुळवून पीडीएफ केलेल्या आहेत. त्या दिसतात मराठीत, पण आत रोमन अक्षरं साठवलेली असतात. ‘मराठी’ हा शब्द कृतिदेवात आतून ई, जे, के, मोठा बी आणि एच असा असतो. अशा पुस्तिकेत ‘मराठी’ शोधून ‘मराठी’ सापडत नाही. इंटरनेट आर्काइव्हवर भारतीय डिजिटल ग्रंथालयाच्या प्रकल्पातली जुनी मराठी पुस्तकं ढिगानं आहेत, पण नावं रोमन लिपीत आणि त्या लिप्यंतराला काही धरबंध नाही. ‘ज्ञ’ कुणी कसा लिहील सांगता येत नाही. शोधताना मी एका नावाची चारपाच रूपं करून बघते आणि बहुधा पाचव्याला पुस्तक हाती लागतं. सापडलं की आत पाहावं तर छपाई 1962 च्या लेखननियमांआधीची: ‘नांव’, ‘कांहीं’, ‘मुलें’. उच्चारात नसलेले ते अनुस्वार मला प्रिय आहेत. त्यांनी पान कसं भरल्यासारखं वाटतं! पण ‘नाव’ शोधणाऱ्या पोराला ‘नांव’ दिसत नाही.

आणि सगळ्यात अवघड, पोरांचं स्वतःचं शुद्धलेखन. नववीतल्या त्याच मुलीला पुराबद्दल प्रकल्प करायचा होता. घरात पाणी शिरलेलं तिनं पाहिलेलं, तिला धरणातला विसर्ग आणि नदीची पाणलोट क्षेत्रं समजून घ्यायची होती. तिनं शोधलं ‘पुर’. मोबाइलनं तिला सोलापुरापासून जयपुरापर्यंत फिरवून आणलं, तेही बहुतेक हिंदीतून. ‘पूर’ लिही, असं मी तिला सांगितलं. तिनं मान डोलावली आणि पुढच्या आठवड्यात ‘सुर्यग्रहण’ शोधलं. मी तिला दहा वेळा शिकवीनही. पण ती शोधायला बसते रात्री, घरी, आईच्या फोनवर, आणि तिथं मी नसते. तालिकेनं वाचकाला आधी शुद्धलेखन शिकून ये म्हणावं, हे कोणत्या सूत्रात बसतं?

तेव्हा मी आणखी एक स्तंभ आखला. त्याला नाव दिलं ‘मुलं काय लिहितात’. त्या स्तंभात ‘सुर्य’ घातला. लिहिताना हात थरथरला आणि या खेपेला दोष वयाचा नव्हता.

या स्तंभाचं काम त्या मुलीनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी अंगावर घेतलं. वर्गातली पोरं काय काय टाइप करतात ते त्या गोळा करतात: ‘प्रकाशसंशलेषण’, ‘शिवाजी महाराज आरमार महिती’, ‘कविता रसग्रहन’. शिवाय रोमन अक्षरांत लिहिलेलं मराठी, ते तर मी डोळे मिटूनच चिकटवून घेते. ‘किशोर’च्या जुन्या अंकांची लेखसूचीही त्या करताहेत. अंक उघडायचा, अनुक्रमणिका वाचायची, प्रत्येक लेखाला दोनतीन विषयशब्द द्यायचे. विषयशब्दांवरून आमची भांडणं होतात. फुलपाखरांवरच्या एका लेखाला मी ‘कीटकशास्त्र’ दिलं, तर मुलगी म्हणाली, “बाई, असं कोण शोधतंय?” मी म्हटलं, परीक्षक शोधतात. ती म्हणाली, “ते आपल्या शाळेत कुठं हायत?” शेवटी दोन्ही शब्द ठेवले. तिचा आधी, माझा नंतर. त्यावरून मला त्या रात्री बराच वेळ झोप लागली नाही.

शिक्षण खात्यातले एक अधिकारी तपासणीला आले होते. त्यांनी शीट पडद्यावर लावून मागितली आणि त्यांची नजर नेमकी ‘सुर्य’वर पडली. “ग्रंथालयातच अशी भाषा, मॅडम?” मी ‘पाहा’ची परंपरा समजावू लागले, तोवर त्यांनी शेऱ्यात ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे’ असं लिहूनही टाकलं होतं. माझ्या उभ्या नोकरीत हा शेरा मला कधी मिळाला नव्हता. उलट, ‘हस्ताक्षर उत्तम’ असे शेरे आहेत, हवे असतील तर दाखवते.

आता मुलं थेट चॅटबॉटला विचारतात. तो ‘सुर्य’ही समजून घेतो, ‘विज’ही समजून घेतो, ओरडत नाही, गोड बोलतो. माझ्या स्तंभाची गरजच संपली असं एका तरुण सहशिक्षकानं मला सुनावलं. संपली असेलही. पण तो ते कुठून सांगतो, कोणत्या पुस्तकाच्या कितव्या पानावरून, हे मी मुलांना विचारायला लावते, आणि त्यांनी आणलेले संदर्भ शोधायला बसते. काही सापडतात. काही पुस्तकं त्या नावाची कधी छापलीच गेली नाहीत. ‘पाहा’ म्हणून न असलेल्या कपाटाकडं बोट दाखवणं हा आमच्या धंद्यात गुन्हा आहे. तो करणाऱ्याचं बोलणं कितीही गोड असो.

आमच्यातले कित्येक ग्रंथपाल अर्धवेळ म्हणून लागले आणि अर्धवेळच निवृत्त झाले. माझ्या मागून या खुर्चीत कुणी येईल असं मला वाटत नाही. शीट मात्र राहील. शेजारच्या शाळांनी ती उतरवून घेतली आहे, आणि व्हॉट्सॲपवर तीच फिरत फिरत माझ्याकडं परत आली तेव्हा तिच्या माथ्यावर दुसऱ्याच कुणाचं नाव होतं. ज्ञान सर्वांचं वगैरे सगळं मी मुलांना सांगते. तरी मी त्या रात्री बसून मूळ शीटच्या पहिल्या ओळीत माझं नाव, शाळेचं नाव आणि ‘संकलन’ हा शब्द ठळक केला.

पोरींना ‘मुलं काय लिहितात’ हा स्तंभ हवा तसा बदलायची मुभा आहे. ‘पाहा’चा स्तंभही त्या भरतात. पण शुद्ध विषयशब्दाचा स्तंभ मी संरक्षित करून ठेवला आहे. तिथं माझ्याशिवाय कुणाला अक्षर हलवता येत नाही. तो खुला करा म्हणून त्या मुलीनं परवानगीची विनंती दोनदा पाठवली. दहावीच्या परीक्षेनंतर बघू, असं मी तिला सांगितलं आहे. मधल्या काळात त्या स्तंभात मी रोज काहीतरी दुरुस्त करते, गरज असो वा नसो.