एक फोन

धाकट्या भावासाठी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सभा शोधत होते. पुण्यात असते तर अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ साली उभं केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र लगेच आठवलं असतं. इथे हैदराबादेत, काचीगुड्याच्या ओळखीच्या मराठी घरांत विचारायला जीभ रेटेना.

शेवटी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसलाच फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी नाव-गाव विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "आज शाम को भाई को लेके आव."

खुली सभा होती, म्हणून मलाही बसता आलं. फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडायची इच्छा, एवढीच सदस्यत्वाची अट. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावी बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब एकमेकांशी मोकळेपणाने बोलले, तेव्हापासूनची हीच रीत: आपलं सांगायचं, दुसऱ्याचं ऐकायचं. तेलुगू, उर्दू, इंग्रजी सगळं चाललं होतं. भाऊ अडखळत हिंदीत बोलला, मध्येच मराठीवर आला. कुणी अडवलं नाही, उपदेशही केला नाही. निघताना एकाने त्याच्या हातावर स्वतःचा नंबर लिहून दिला: प्यावंसं वाटलं तर आधी मला फोन कर.

व्यसन हा आजार आहे. तो घरात झाकून ठेवला की वाढतो. कुटुंबीयांसाठी अल-ॲनॉनच्या सभा असतात. आता माझ्यासाठी तशी एक सभा शोधणार आहे.