स्वेद आणि रोमांच

वर्गात आम्ही भरतमुनींचे सात्त्विक भाव शिकवीत होतो. स्तंभ, स्वेद, रोमांच... 'भाव मनात उपजतो आणि त्वचेवर उमटतो' हे आमचे दरवर्षीचे वाक्य. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी थांबली. लहानपणी स्टोव्हच्या भडक्यात भाजलेला हात पुढे करून म्हणाली, "सर, इथे घाम येत नाही आणि काटाही उभा राहत नाही." आम्ही निरुत्तर झालो.

मग आम्ही त्वचेविषयी वाचू लागलो. हॉवर्ड ग्रीन व जेम्स राइनवाल्ड यांनी १९७५ साली माणसाच्या त्वचेतील पेशी प्रयोगशाळेत वाढवून दाखविल्या. त्यांतील मूलपेशींच्या बळावर ३ चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यापासून तीन-चार आठवड्यांत अंगभर पुरेल एवढी बाह्यत्वचा तयार होते. १९८३ साली बॉस्टनमध्ये जवळजवळ सर्वांग भाजलेले दोन लहान भाऊ अशा त्वचेच्या आधारे वाचले. ही त्वचा देह झाकते, जंतूंना अडविते, जीव राखते. पण तिच्यात घर्मग्रंथी नसतात, केसांची मुळेही नसतात. रोमच नाहीत, तेथे रोमांच कोठून यावा? २०२० साली मूलपेशींपासून केस उगवणारी त्वचा प्रयोगशाळेत घडली. भाजलेल्यांच्या अंगापर्यंत ती अजून पोचायची आहे.

आता ते वाक्य आम्ही वर्गात उच्चारीत नाही. भरतांच्या यादीत स्वरभंगही आहे. त्या दिवशी बोलताना तिचा आवाज कापत होता, हे आम्हांला फार उशिरा आठवले.