पाण्यावरची आळी

बटरवर्थहून निघालेली फेरीबोट मलेशियातल्या पेनांग बेटावर जॉर्जटाउनला लागते. धक्क्यावरून थोडं चाललं की च्यू जेटी. समुद्रात खांब रोवून वर फळ्या ठोकलेल्या, दोन्ही अंगांना लाकडी घरं, फटींतून खाली हलणारं पाणी. दारात चपला, लाल देव्हाऱ्यात उदबत्त्या आणि एका खिडकीवर पाटी: आत फोटो काढू नयेत.

१७८६ मध्ये फ्रान्सिस लाइटने इथे ईस्ट इंडिया कंपनीचं ठाणं वसवलं. बंदर वाढलं तशी चीनच्या फुजियानमधून, तमिळ मुलखातून, सुमात्रातून माणसं येत गेली. फुजियानचे हमाल आणि नावाडी किनाऱ्यालाच राहिले. एका आडनावाची एक जेटी. च्यूंची वेगळी, लिमांची वेगळी. घराखाली जमीनच नाही, तर सातबारा कुठून असणार?

गावातल्या दुमजली दुकानघरांची कथा मुंबईकराला ओळखीची वाटेल. १९६६ च्या कायद्याने जुन्या घरांची भाडी बांधून ठेवली होती. मालक डागडुजीला पैसे घालेनात, पण भाडेकरू हलले नाहीत. सुतार, सोनार, उदबत्त्या वळणारे भर बाजारात टिकले. २००० उजाडलं, कायद्याचं छत्र गेलं आणि भाडी भडकली. बिऱ्हाडं उपनगरांत गेली. काही रिकाम्या घरांत मालकांनी पाकोळ्या पाळल्या. त्यांच्या लाळेच्या घरट्यांचं चिनी सूप महागडं. माणसांपेक्षा पाखरांचं भाडं जास्त येऊ लागलं!

२००६ मध्ये नव्या इमारतींसाठी कोए जेटी पाडली गेली. २००८ मध्ये मलाक्कासह जॉर्जटाउन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं आणि उरलेल्या जेट्या वाचल्या. आता च्यू जेटीवर ओसरीच्या जागी टी-शर्टची दुकानं आहेत, आणि माझ्यासारख्यांची रीघ. घर वाचलं, पण दार उघडं टाकून दुपारी आडवं व्हायची सोय गेली.

तरी चिनी नववर्षाच्या आठव्या रात्री इथे उसाच्या मोळ्या येतात. उसात लपून पूर्वज वाचले, अशी होक्किएन, म्हणजे फुजियानहून आलेल्या, लोकांची श्रद्धा. म्हणून मध्यरात्री स्वर्गाच्या राजाची पूजा उसाशिवाय होत नाही. फ्लॅटमध्ये राहायला गेलेली मुलंही त्या रात्री जेटीवर येतात. वारशाच्या निधीतून खांब बदलता येतील. ही मुलं पुन्हा इथे बिऱ्हाड करतील का, ते मात्र भाडं, पाणी आणि खिडकीशी थांबणारे आपण ठरवणार.